धार मरेपर्यंत : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



पत्रास कारण की, नुकताच आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात एका फायरमनचा सत्कार झाला. पुरात उडी टाकून त्याने एका माणसाला ओढून काठावर आणले होते. त्याची चित्रफीत मोबाइलवर फिरली, मागे ढोल-ताशाचे संगीत घालून फिरली, आणि मग रीतीप्रमाणे शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. पोरगा गुणी आहे, सत्काराला शंभर टक्के पात्र आहे. पण चित्रफीत पडद्यावर दाखवली तेव्हा मला दिसले ते असे : अंगात लाइफ जॅकेट नाही, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, कमरेला दोर बांधलेला. वाहत्या पाण्यात माणूस मरायला या तीन गोष्टी पुरतात. तो वाचला हे त्याचे नशीब, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो त्या नशिबाला.

सभागृहात मागून दुसऱ्या रांगेत एक निवृत्त अग्निशमन अधिकारी बसले होते. त्यांनी आयुष्यात कधी अशी उडी टाकली नाही, त्यामुळे त्यांची चित्रफीतही नाही. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे. त्यांनी नाव घालू दिले नाही म्हणून गावाचेही नाव घालत नाही. कृष्णाकाठचे गाव एवढे पुरे. पुढे मी ज्या उणिवा सांगणार आहे त्या एकट्या आमच्या गावाच्या नाहीत, म्हणूनही नाव नको.

ऑगस्ट २०१९ आपल्याला आठवत असेलच. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. ७ तारखेला संध्याकाळी आमच्या गावाबाहेरच्या मळ्यात आठ माणसे एका घराच्या स्लॅबवर अडकली. म्हातारा-म्हातारी, दोन मुलगे, दोन सुना, आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि एक अंगावरचे बाळ. शिवाय दोन शेळ्या. घर आणि आम्ही उभे होतो तो उंचवटा यांच्यामध्ये दीडेकशे पावलांचे अंतर असेल. एरवी तिथून पाणंद जाते. त्या दिवशी पाणंदीतून तांबडे पाणी असे धावत होते की कडेचा ऊस आडवा पडून थरथरत होता.

बंब आला. बंबावर पाच माणसे, त्यातली तीन कंत्राटी. मागच्या टेम्पोत तालुक्याहून मिळालेली एक रबरी बोट आणि तिचे इंजिन. अधिकारी उतरले, काठावर गेले, एक काटकी पाण्यात टाकली आणि ती वाहत गेली तिच्याकडे घड्याळ धरून पाहिले. मग माघारी येऊन म्हणाले, "आत्ता बोट घालणार नाही."

महोदय, त्यानंतरच्या तासाभरात त्या माणसाने जे ऐकून घेतले ते मी इथे लिहू शकत नाही. भेकड हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. एका नगरसेवकाने फोन लावून दिला, वरून कुणीतरी दम दिला. नगरसेवक म्हणाले, जबाबदारी मी घेतो. अधिकारी म्हणाले, "जबाबदारी तुमची असू दे, बोट माझी हाय." गुऱ्हाळावरची काहील आणून चार पोरे तीत बसून जायला निघाली. आमच्याकडे पुरात काहील घालायची जुनी खोड आहे, कितीतरी माणसे तिने तारलीही आहेत. पण ती गुळाची कढई आहे, तिला ना नाळ ना सुकाणू; धारेत सापडली की भोवऱ्यासारखी फिरते. अधिकाऱ्यांनी ती काहील पालथी घालायला लावली आणि त्यांचा एक फायरमन रात्रभर तिच्यावर बसून राहिला. पोरांनी काहील पळवू नये म्हणून!

बोलणाऱ्यांत मीही होतो, आणि पुढे होतो. चौतीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस. मी त्यांना विचारले, तुमच्या घरचे कुणी त्या स्लॅबवर असते तर थांबला असता का? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, एक काम करा. त्या भिंतीच्या विटा मोजा."

घराच्या आमच्याकडच्या भिंतीला गिलावा नव्हता. बंबाचा झोत तिच्यावर टाकलेला, त्यामुळे विटांचे थर स्पष्ट दिसत होते. पाण्यापासून स्लॅबपर्यंत सोळा थर. "दर अर्ध्या तासानं मोजायचं आन् मला सांगायचं," ते म्हणाले. एक थर म्हणजे मधले सिमेंट धरून सुमारे चार इंच. साडेसातला सोळा. साडेनऊला पंधरा. मध्यरात्री तेरा आणि वर थोडे. अकराव्या-बाराव्या मोजणीच्या सुमारास माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा माणूस थांबलेला नाही. याचे गणित चालू आहे. पाणी तासाला अर्धा थर चढतेय, घर स्लॅबचे आहे, पाया पक्का आहे, म्हणजे हातात पुरा एक दिवस आहे. तो खर्च करून काय मिळवायचे, तर उजेड. आणि धार मरणे.

धार मरणे हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकला. पाणंदीतून पाणी धावत होते कारण वरच्या शिवारातले पाणी खालच्या ओढ्यात उतरत होते. खालचा ओढा नदीच्या फुगवट्याने तुंबत चालला होता. तो भरला, की वरचे आणि खालचे पाणी एका पातळीला येणार. पाण्याची उंची वाढेल, पण ओढ कमी होईल. काठावरचे आम्ही सगळे पाणी किती चढले एवढेच बघत होतो. ते बघत होते पाणी किती वेगाने चाललेय. माझ्याच विषयातली गोष्ट. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे मी किती वर्षे फळ्यावर लिहिले असेल! सेकंदाला दोन मीटर म्हणजे माणूस झपाझप चालतो त्याहून थोडा जास्त वेग. त्या वेगाचे गुडघ्याच्या वर आलेले पाणी दोन पायांवर ढोबळमानाने तीस-पस्तीस किलोचा रेटा देते. वेग तीन मीटर झाला की तोच रेटा पाऊणशे किलोच्या घरात जातो. खाली चिखल, पायाला काही पकड नाही. पट्टीचा पोहणारा तिथे काय करणार? पोहणे हे उभ्या पाण्याचे शास्त्र आहे.

रात्रभर त्यांनी काय केले ते सांगतो. बंबाचा झोत स्लॅबवरून हलू दिला नाही. दर थोड्या वेळाने भोंग्यावरून म्हाताऱ्याशी बोलत राहिले. "आबा, झोपू नका. ताडपत्री बाळाच्या अंगावर घ्या. भिंतीच्या कडंला बसू नका." आबांनी हात वर केला की पुढचे वाक्य. तीन वाजता म्हातारीने काहीतरी ओरडून सांगितले, ऐकू येईना. मग कळले, शेळ्यांना भूक लागलीय. त्या अंधारात काठावर पहिल्यांदा कुणीतरी हसले.

पहाटे साडेपाचला अकरा थर उरले होते आणि काटकी निम्म्या वेगाने जात होती.

बोट त्यांनी घराच्या समोरून घातली नाही. खांद्यावर उचलून काठाकाठाने वर चांगली दोन-अडीचशे पावले नेली आणि तिथून सोडली. आडवे जायचेच नाही, धारेबरोबर तिरके उतरायचे. इंजिन वर उचललेले, कारण पाण्याखाली ऊस होता आणि उसाचा पाला पंख्यात गुंतला की संपले. दोन वल्ही, आणि काठावरून ढील देत जाणारे दोन दोर. पाण्याच्या वर हातभर विजेच्या तारा लोंबत होत्या. रात्री त्या कुणालाच दिसल्या नसत्या. आणि एक विहीर होती, पाण्याखाली गेलेली. तिची जागा त्यांनी रात्रीच आबांना भोंग्यावरून विचारून ठेवली होती. आबांनी हाताने दाखवली, यांनी झोताने खूण धरली.

दोन फेऱ्यांत आठ माणसे काठावर आली. लाइफ जॅकेट एकूण सात, त्यातल्या दोन जॅकेटांची बक्कले तुटलेली, पायजम्याच्या नाडीने बांधलेली. पहिल्या फेरीत एक बावीस वर्षांचा कंत्राटी फायरमन स्लॅबवर उतरला आणि जागा व्हावी म्हणून तिथेच थांबला. तो दुसऱ्या फेरीत परतला, तेव्हा त्याच्या अंगात जॅकेट नव्हते. त्याने ते मुलीला दिले होते. अधिकारी त्याच्यावर जे खेकसले ते मी ऐकले. त्या रात्रीत त्यांचा आवाज चढलेला तो तेवढाच. शेळ्यांची तिसरी फेरी झाली. बचावाच्या नियमात शेळी बसत नाही, पण म्हातारी शेळ्यांशिवाय आसऱ्याला देवळात जायला तयार नव्हती, आणि अधिकारी म्हणाले, धार मेलीय, आणा.

आम्ही पांगलो. दुपारी ब्रह्मनाळची बातमी आली.

पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला त्याच सकाळी, ८ ऑगस्टला, माणसांनी भरलेली बोट उलटली. बसू शकतात त्याहून जास्त लोक तिच्यात होते. सतरा जणांचा जीव गेला, त्यात लेकरे होती. तीही माणसे कुणाला तरी वाचवायलाच निघाली होती, आपापल्या घरच्यांना घेऊन सुटायला निघाली होती. आणि तेही गाव आमच्यासारखेच, नदीवर जन्म काढलेले. बातमी आल्यावर आमच्या चौकात ज्यांनी रात्री शिव्या घातल्या होत्या ते सगळे गप्प झाले. पण अधिकाऱ्यांकडे जाऊन चार शब्द बोलायला कुणी गेले नाही. मीही नाही गेलो. त्याची लाज घेऊन सहा वर्षांनी हे पत्र लिहीत आहे, हेही आपल्याला कळलेले बरे.

आता आपल्या खात्याचे बोलतो.

महाराष्ट्रात अग्निशमन दल हे नगरपालिका-महानगरपालिकांचे आहे आणि राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालय आपल्या खात्याखाली येते. नावात अग्नी आहे म्हणून सगळे अंदाजपत्रक अग्नीभोवती फिरते. बंब, पाण्याची टाकी, फोम, शिडी. पण गावात ओढ्याला पूर आला, विहिरीत माणूस पडला, तळ्यात पोरे बुडाली, कालवा फुटला, की फोन १०१ लाच जातो. पाण्याची वर्दी आली म्हणून आमचे काम नाही असे बंबवाले म्हणू शकत नाहीत, म्हणतही नाहीत. सांगली-कोल्हापूर २०१९, पुण्याचा आंबिल ओढा त्याच वर्षीचा सप्टेंबर, चिपळूण जुलै २०२१, पुण्याची एकतानगरी जुलै २०२४, मावळातल्या कुंडमळ्याचा पूल जून २०२५. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल येते, लष्कर येते, त्यांना सलाम. पण ते येईपर्यंतचे पहिले तीन-चार तास असतात, आणि त्या तासांत काठावर उभा असतो तो नगरपालिकेचा फायरमन, गमबूट घालून.

गमबुटात पाणी भरले की पाय उचलत नाही. आगीचे हेल्मेट वाहत्या पाण्यात घातले तर त्याची कड धारेत अडकते आणि मान मागे ओढली जाते. धारेसाठी हलके, भोके असलेले हेल्मेट वेगळे असते. आणि तो कमरेचा दोर! आपल्या सगळ्या चित्रफितींत असतो. काठावरचे लोक दोर ओढून धरतात, पाणी माणसाला पुढे ढकलते, आणि ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. सोडायची गाठ मागे, पाठीवर; हात पोचत नाही. ज्याला वाचवायला दोर बांधला, दोरच त्याला बुडवतो. एका ओढीत सुटणारा पट्टा असलेले जॅकेट मिळते, ते असले तरच माणसाला दोरावर पाण्यात सोडायचे. फेकायच्या दोराची पिशवी मिळते : आत वीसेक मीटर तरंगणारा दोर भरलेला, टोक हातात धरून पिशवी फेकायची, उतरायची गरजच नाही. या वस्तूंची यादी केली तर बंबाच्या किमतीपुढे ती चिल्लर आहे. सत्काराच्या मंडपात आणि हारतुऱ्यात एका केंद्राची निम्मी भरेल.

एका गोष्टीकडे मात्र मला आपले लक्ष मुद्दाम वेधायचे आहे, कारण ती आमच्या भागाची आहे. आमच्याकडे नद्यांवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्याआधी बर्गे काढतात, पावसाळा सरला की घालतात. त्यांनी आमची शेती उभी केली, त्यांच्याविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. पण बंधाऱ्यावरून पाणी उतरू लागले, की पायथ्याशी जे घडते ते काठावरून दिसत नाही. वरून पडणारे पाणी तळाशी जाते आणि पृष्ठावरून उलटे, बंधाऱ्याकडे परत येते. गोल गोल. त्यात सापडलेली वस्तू, मग ती ओंडका असो की माणूस, बाहेर पडत नाही. खाली जाते, वर येते, पुन्हा बंधाऱ्याकडे ओढली जाते. फेसात हवा भरलेली असल्याने त्यात माणूस नीट तरंगत नाही आणि बोटीच्या पंख्याला पकडायला पाणी मिळत नाही. खालून जवळ आलेली बोटही तो वळसा आत खेचतो. लांबून बघाल तर तिथे काहीच भयंकर दिसत नाही. कंबरभर उंचीचा बंधारा, खळखळ आवाज, पोरे कडेला सेल्फी काढताहेत.

अमेरिकेतल्या बिंगहॅमटन शहरी १९७५ साली सस्केहाना नदीवरच्या अशाच एका बुटक्या बंधाऱ्याखाली बचाव आणि शोध करताना दोन दिवसांत तीन अग्निशमन जवान बुडाले. त्यांच्याकडे बोटी होत्या, मनुष्यबळ होते. नव्हती ती पाण्याच्या या चालीची माहिती. तिथे बोट उलटल्याची फिल्म पुढे कित्येक वर्षे प्रशिक्षणात दाखवली गेली.

आपल्याला बिंगहॅमटनपर्यंत जायचीही गरज नाही. २३ मे २०२४. अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत आदल्या दिवशी बुडालेल्या तरुणांचा शोध घ्यायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याहून आली होती. पाण्याच्या भोवऱ्यात त्यांची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ही तर तयारीची, शिकलेली माणसे. काठावर आईबाप रडत असतात, गाव जमलेले असते, प्रत्येकाला उत्तर हवे असते, आणि पाण्यात उतरणारे या सगळ्यांचे तोंड बघून उतरतात. ज्यांना शोधायचे ते जिवंत नाहीत हे माहीत असून उतरतात. आमच्या अधिकाऱ्यांनी मला सांगितले, "सर, जिवंत माणसासाठी एवढी ओढ लावत न्हाईत लोक, जेवढी प्रेतासाठी लावत्यात." हे ऐकायला कठोर आहे. पण गळ टाकून बसलेल्या कुठल्याही फायरमनला विचारा.

म्हणून माझी पहिली मागणी वस्तूंची नाही. घटनास्थळी असलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याला "आत्ता नाही" म्हणायचा लेखी अधिकार द्या. बोट घालायची की नाही, कधी घालायची, कोणाला बसवायचे, हे तो ठरवेल, आणि त्याने थांबायचे ठरवले तर फोनवरून त्याला कुणीही, आमदारही नाही, जिल्ह्याचे पालकमंत्रीही नाहीत, उलट आदेश देणार नाही. शोध जर मृतदेहाचा असेल तर बंधाऱ्याच्या पायथ्याशी, पाणी चालू असताना, बोट जाणार नाही. हे एका पानाचे परिपत्रक आहे. त्याला निधी लागत नाही. आपल्याकडे शौर्याला पदक आहे, पण थांबण्याला संरक्षण नाही, त्यामुळे उडी मारणे हाच अधिकाऱ्याला सगळ्यात सुरक्षित मार्ग वाटू लागतो. मेला तर हुतात्मा, वाचला तर सत्कार. थांबला तर चौकशी.

दुसरी गोष्ट माहितीची. दरवर्षी १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. १९४४ च्या त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांचे शौर्य आपण दरवर्षी आठवतो. पण जहाजाच्या पोटात दारूगोळा आहे हे दाखवणारा लाल बावटा जहाजावर नव्हता, ही गोष्ट भाषणात क्वचितच येते. आज गोदीच्या जागी धरण ठेवून पाहा. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सुटले. क्युसेक म्हटले की आपण मान डोलावतो. त्याचा अर्थ सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दर सेकंदाला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या लोकांची तक्रार होती की आधी कळलेच नाही. त्याच पहाटे पुण्यातल्याच पुलाच्या वाडीत तिघे जण विजेच्या धक्क्याने गेले. पाणी सोडण्याचा निरोप जलसंपदेकडून अग्निशमनच्या नियंत्रण कक्षाला, किती क्युसेक, किती वाजता, कुठल्या वस्तीत किती वेळाने पोचेल, असा थेट गेला पाहिजे. आणि वीज तोडल्याचा निरोप बोट घालायच्या आधी आला पाहिजे. आमच्या अधिकाऱ्यांना त्या रात्री तारांत वीज आहे की नाही हे कळायला पावणेदोन तास लागले. शेवटी वायरमन त्यांच्या ओळखीचा निघाला म्हणून कळले.

सराव, जॅकेटे, दोर हे सगळे आहेच. प्रत्येक नदीकाठच्या नगरपालिकेच्या बंबावर ते असावे, पावसाळ्यापूर्वी वर्षातून एकदा खऱ्या वाहत्या पाण्यात सराव व्हावा. पोहण्याच्या तलावात होतो तो नव्हे. कंत्राटी फायरमनला कायम फायरमनएवढाच विमा असावा, कारण पाणी हजेरीपत्रक बघत नाही. आपल्या खात्यातल्या लोकांना हे माझ्यापेक्षा जास्त कळते, त्यामुळे लांबवत नाही.

सत्कार झाला त्या रात्री मी अधिकाऱ्यांच्या घरी गेलो. सहा वर्षांनी. बोलायला काही सुचेना, म्हणून विटांची वही घेऊन गेलो होतो. त्या रात्रीचे थर मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत, वेळेसकट. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले आणि म्हणाले, "तीनचं राहिलंय." खरेच राहिले होते. तीन वाजता शेळ्यांवरून हसे झाले, त्यात मोजायचे विसरलो.

मंत्र्यांना पत्र लिहिणार आहे, काय मागू, असे मी विचारले. मला वाटले बोट म्हणतील. ते थोडा वेळ गप्प बसले, मग आत जाऊन खेळाच्या दुकानात मिळतात तशा प्लास्टिकच्या शिट्ट्यांचे एक पाकीट घेऊन आले. नाडीत ओवलेल्या, पिवळ्या. नोकरीत असताना स्वतःच्या पैशाने आणलेल्या. पाण्याच्या आवाजात माणसाचे ओरडणे ऐकू येत नाही, शिट्टी येते. एक शिट्टी म्हणजे थांब, इकडे बघ. दोन म्हणजे वरच्या अंगाला बघ, काहीतरी वाहत येतेय. तीन म्हणजे खालच्या अंगाला. आपल्या माणसांना त्यांनी हे स्वतः शिकवले होते. निवृत्तीच्या दिवशी पाकीट नगरपालिकेच्या भांडारात जमा करायला गेले तर भांडारपाल म्हणाला, नोंदवहीत हा प्रकारच नाही, घेता येणार नाही.

तर महोदय, नोंदवहीत "शिट्टी, नग" असा एक रकाना घालायला आपल्या खात्याने सांगावे. पाकीट माझ्याकडे आहे. बारा आहेत, त्यातली एक वाजत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
कृष्णाकाठ